एकवीस आण्यांचं पिल्लू

हरिपूर रस्त्यावर चिंचेखाली भिजलेलं पिल्लू सापडलं, तेव्हा ते कुत्र्याचं आहे याबद्दल तरी घरात एकमत होईल असं वाटलं होतं. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "घुशीचं न्हाई ना गं?"

माझं माहेर सातारा, सासर सांगली. आमच्याकडं नवा माणूस उंबऱ्यात दिसला की "पाव्हणं कुठलं?" हा प्रश्न पाण्याच्या तांब्याआधी येतो. पिल्लाला दूध आधी मिळालं, एवढीच सवलत.

सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, चष्मा लावून पाहणी केली. "कंबर बारीक, तोंड लांबडं. कारवानी हाय. जतकडचं." मग मुधोळच्या घोरपडे सरकारांनी ही कुत्री कशी सांभाळली, 2005 साली मुधोळ हाऊंडचं टपाल तिकीट कसं निघालं, हे सगळं आम्ही ऐकलं. तेवढ्यात आमचं टपाल तिकीट चटईवर घसरून पडलं.

दिरांनी पडके कान बघून लॅब्रेडॉर ठरवला. शेजारच्या काकूंनी काळं तोंड बघून अल्सेशियन. दूधवाल्यानं झुबकेदार शेपटी बघून पामेरियन. मी हिशेब मांडला : कारवानी चार आणे, लॅब आठ, अल्सेशियन सहा, पामेरियन तीन. रुपयाचं पिल्लू एकवीस आण्यांवर गेलं.

चिंचेखाली सापडला म्हणून नाव ठेवलं चिंच्या. सुट्टीत त्याला साताऱ्याला नेलं. अपशिंगे मिलिटरी गावचे माझे मामा आले, निवृत्त सुभेदार. त्यांनी त्याला सावधानमध्ये उभं करायचा प्रयत्न केला, मग निकाल दिला, "ह्यो सांगलीचा न्हवंच. खंड्याच्या वंशातला!" खंड्या म्हणजे साताऱ्याच्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघाची चाहूल देऊन त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात. माहुलीला त्याची समाधी आहे. चिंच्या त्या वेळी आरशातल्या स्वतःला घाबरून माझ्या पदरात शिरला होता.

तिसऱ्या महिन्यात त्याचे कान ताठ उभे राहिले आणि लॅबचे आठ आणे एका रात्रीत बुडाले. दीर दोन दिवस जेवणात गप्प होते.

शेवटी लस टोचायला गेलो. डॉक्टरांनी कार्डावर जातीच्या रकान्यात 'एनडी' लिहिलं. फोनवर ते ऐकून मामा गहिवरले, "एनडीए? सांगितलं न्हवतं मी!" एनडी म्हणजे नॉन-डिस्क्रिप्ट, ज्याचं वर्णन करता येत नाही असा. चार महिने आम्ही फक्त वर्णनच करत होतो.

डॉक्टर म्हणाले, "गावठी म्हणजे भेसळ नव्हे. ही इथली मूळची कुत्री, कुणी ठरवून न घडवलेली. तुमचं अल्सेशियनच नवं. जर्मनीत 1899 पासून ठरवून घडवलेलं." म्हणजे आम्ही खापरपणजोबाला पणतवाचं आडनाव विचारत होतो. तरीही अण्णांनी वडिलांची चौकशी केलीच. "एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळेसुद्धा असू शकतात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. सासूबाईंनी तातडीनं हळदीच्या भावाचा विषय काढला.

घरी येऊन मी वाचून दाखवलं : अमेरिकी संशोधकांनी हजारो कुत्री तपासून 2022 साली 'सायन्स'मध्ये लिहिलंय की एकेका कुत्र्याच्या स्वभावातला फरक जातीवरून जेमतेम 9 टक्के कळतो. तेवढ्यात चिंच्यानं माहेरहून आलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा फोडला. "आणि राहिलेले 91 टक्के," सासूबाई म्हणाल्या, "साताऱ्याचे."

परवा संध्याकाळी अण्णा आणि मी त्याला घेऊन हरिपूरच्या संगमावर गेलो. अण्णांची नजर अजून शेपटीवरच. मी ओंजळीत कृष्णेचं पाणी घेतलं. माहुलीला वेण्णा येऊन मिळाली, कऱ्हाडला कोयना, इथं वारणा.

"अण्णा, ह्यात वेण्णा किती आणे असेल हो?"

अण्णांनी चष्मा वर केला. माझ्या ओंजळीत बराच वेळ बघितलं. आमच्यामध्ये तोंड घालून चिंच्यानं ती ओंजळ पिऊन टाकली.

"पावसाळ्यात जास्त," अण्णा म्हणाले.