तात्यांची पडशी

मनुष्य प्रवासाला निघतो तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी, असा माझा विद्यार्थिदशेत समज होता. परंतु आमच्या तात्यांबरोबर पुण्याहून महाडपर्यंतचा एक प्रवास केल्यानंतर, काही माणसे इतरांवर कोसळणाऱ्या संकटांची गाठ घेण्यासाठीच घराबाहेर पडतात आणि वाटेत एखादे गाव लागलेच तर त्याला त्यांचा इलाज नसतो, अशी माझी खात्री पटली.

तात्या हे वडिलांचे मावसभाऊ. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते. पण कचेरी त्यांच्यातून निघाली नव्हती. प्रवासात त्यांच्या खांद्यावर एक खादीची पडशी असे. पडशीला दोन खण असतात, एक छातीवर रुळतो आणि दुसरा पाठीवर. तात्यांनी त्यांची वाटणी अशी केली होती की पुढच्या खणात स्वतःचे धोतर, पंचा आणि दशम्या, आणि मागच्या खणात परोपकार. हा परोपकार वजनाने पुढच्या खणाच्या तिप्पट भरत असल्यामुळे तात्या नेहमी आकाशाकडे पाहत चालल्यासारखे दिसत, आणि अनोळखी माणसे त्यांना भाविक समजत.

मागच्या खणात काय नव्हते? सुई, काळा-पांढरा दोरा, सुतळीचे भेंडोळे, चाकू, मेणबत्ती, आगपेटी, चोरबत्ती, कापूर, गढूळ पाणी निवळण्यासाठी तुरटीचा खडा, ओवा, सुंठ, छटाकभर हळद, टिंक्चर आयोडीनची बाटली, अमृतांजनाची पिवळी कुपी, आणि सर्पदंशावर म्हणून पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड. (या पुडीचा सापाच्या विषावर काडीचाही उपयोग होत नाही, हे विद्वानांनी पुढे सिद्ध केले, तात्यांच्या सुदैवाने त्यांना साप चावलेला उतारू कधी लाभला नाही, आणि त्या उतारूच्या सुदैवाने त्याला तात्या लाभले नाहीत.) या सर्वांवर कळस म्हणजे पत्र्याच्या डबीतल्या 12 सेफ्टी पिना. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 15 डॉलरांच्या देण्याच्या विवंचनेत तारेचा तुकडा वाकवता वाकवता ही पीन शोधून काढली, 1849 साली तिचे पेटंट घेतले आणि सारे हक्क 400 डॉलरांना विकून टाकले, ही हकीकत तात्या प्रत्येक पिनेबरोबर विनामूल्य सांगत. पीन घेणारा बहुधा एका हाताने धोतर सावरीत उभा असल्यामुळे त्याला ती संपूर्ण ऐकावी लागे.

शिवाय एक वही होती. तिच्या उजव्या पानावर ‘नावे’ या मथळ्याखाली जिन्नस, कोणास दिला, कारण आणि परत आल्याची तारीख, असे रकाने आखलेले असत. डाव्या पानावर ‘जमा’ असा मथळा होता आणि त्याखाली, तात्यांनी कोणाकडून काही घेतलेच तर लिहिण्यासाठी, तसेच रकाने होते. 12 वर्षांत तेथे शाईचा एक थेंब पडला नव्हता, आणि या कोऱ्या पानाचा त्यांना जो अभिमान होता तो एखाद्या संस्थानिकाला आपल्या शिकारखान्याचाही नसेल.

सरकारी एस.टी. पहिल्यांदा धावली ती 1 जून 1948 रोजी, पुणे-नगर रस्त्यावर. आमचा प्रवास त्याच्या 2 वर्षे आधीचा, म्हणजे मोटार केव्हा सुटावी हे उतारूंच्या संख्येवर आणि केव्हा पोहोचावी हे परमेश्वराच्या इच्छेवर सोपवलेले असे, त्या सर्व्हिस मोटारींच्या अमदानीतला. महाडच्या कचेरीत खोतीच्या एका तक्रारीची तारीख होती, आणि तात्यांनी मला सोबतीला घेतले होते. मृग लागून आठवडा झाला होता.

भोरपर्यंतच्या सुमारे 30 मैलांत काहीच घडले नाही. कात्रजच्या बोगद्यात काळोख झाला तेव्हा तात्यांचा हात आशेने चोरबत्तीकडे गेला, पण त्यांना ती सापडेपर्यंत मोटार पलीकडच्या उजेडात आली होती. तात्या अस्वस्थ झाले. समोरच्या बाकावरच्या धडधाकट गृहस्थांना त्यांनी ‘डोके वगैरे दुखत नाही ना?’ असे दोनदा विचारले, आणि दुसऱ्या खेपेस तर त्या स्वरात अशी काही आर्जवे होती की, मी त्या गृहस्थांच्या जागी असतो तर निदान भिडेखातर थोडे कण्हलो असतो.

पंतसचिवांच्या राजधानीत मात्र दैव उघडले. भोरच्या तळावर एका शेतकऱ्याच्या वहाणेचा अंगठा तुटला. पीन क्रमांक एक. एका शाळामास्तरांच्या छत्रीचे कापड काडीपासून सुटले, सुई-दोरा. त्यांच्याच पायजम्याची नाडी नेफ्यात आत निसटली, आणि ती ओवून बाहेर काढण्यासाठी आणखी एक पीन. टपावरच्या आंब्याच्या पेट्या सैल झाल्या; सुतळीचे भेंडोळे सबंध क्लीनरच्या स्वाधीन झाले. तात्यांचा चेहरा उजळत चालला. प्रत्येक वेळी ते वही उघडून उतारूचे नाव, बापाचे नाव आणि मुक्काम विचारीत, आणि सरकारी कागदावर नाव चढल्याच्या भीतीने ती माणसे इतकी गांगरून जात की, घेतलेला जिन्नस परत करण्यापेक्षा तात्यांची नजर चुकवणे त्यांना सोयीचे वाटे.

हिरडोशीच्या अलीकडे मोटारीत एक आजीबाई चढल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या बिरवाडीला निघाल्या होत्या. बरोबर सामान म्हणावे असे काहीच नाही. अंगावरचे लुगडे आणि डोक्यावरचे इरले, बस. तात्यांनी त्यांच्याकडे जी करुणेने ओथंबलेली नजर टाकली, तीत ‘बिचारी! साधी सुतळीसुद्धा नाही!’ हा उद्गार स्पष्ट उमटला होता.

वरंध्याचा घाट सुरू झाला. एकीकडे डोंगर, एकीकडे दरी आणि मधून ढग, अशा त्या वळणांवर शाळामास्तरांच्या धाकट्या चिरंजीवांना मळमळू लागले. तात्यांनी तत्काळ वही काढली, कारण कोणती वस्तू खणात कोणत्या थरावर आहे याची फेरिस्त तिच्या शेवटल्या पानावर होती. ‘ओवा... ओवा... अनुक्रमांक अकरा,’ असे ते पुटपुटत असतानाच आजीबाईंनी पोराला ओढून मांडीवर घेतले, पदराने त्याचे तोंड पुसले, पदराने वारा घातला आणि पदराच्याच गाठीतली आमसुलाची एक पाकळी त्याच्या जिभेवर ठेवली. पोर झोपले. ‘आमसूल,’ तात्या माझ्या कानाशी कुजबुजले, ‘आपल्या यादीत नाही.’ त्या आवाजात खंत होती.

वाघजाईच्या देवळाच्या थोडे अलीकडे मोटारीने एक दीर्घ सुस्कारा सोडला, बॉनेटखालून वाफेचा लोट उठला आणि ती उभी राहिली. रेडिएटर गळत होता. क्लीनरने उत्साहाच्या भरात तापलेल्या झाकणालाच हात घातला आणि आई आठवून मागे सरला. तात्या उठले. या क्षणासाठीच त्यांनी पेन्शन घेतली होती. पण भाजण्यावरचा उपाय अनुक्रमांक सात की सतरा, याचा निर्णय होण्यापूर्वीच आजीबाई कड्यावरून पडणाऱ्या धारेखाली क्लीनरचा हात धरून उभ्या होत्या. आणि थोड्या वेळाने लुगड्याच्या काठाची एक पट्टी टर्रकन फाडून त्यांनी ती त्याच्या बोटांना सैलसर गुंडाळलीही.

तात्यांच्या पडशीची अब्रू अखेर राखली ती ड्रायव्हरने. ‘कुणापाशी हळद हाय का हळद?’ असे त्याने ओरडून विचारले तेव्हा ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण सर्वांच्या मुखावर तरळली. मात्र तात्या छटाकभराची पुडी हातात घेऊन मोटारीतून खाली उतरले होते. इंजीन निवले, पंचा ओला करून झाकण उघडले, घाटातले पाणी तांब्यातांब्याने आत गेले आणि त्यामागून हळद. ही पूड गरम पाण्यात फुगते आणि वाहत जाऊन गळतीच्या बारीक भोकात बसते. कायमची दुरुस्ती नव्हे, पण घाट उतरण्यापुरती जामीनकी. अर्ध्या घटकेत गळती थेंबांवर आली. ड्रायव्हरने तात्यांना ‘साहेब’ म्हटले. तात्यांनी ‘जिन्नस: हळद. कोणास दिला: मोटार’ अशी नोंद केली, आणि बापाच्या नावाच्या जागी काय लिहावे या विचारात ते पुढली चार वळणे गढून गेले.

उतरणीच्या वाटेत उतारू एकेक करून गळत गेले, आणि त्यांच्याबरोबर सुईही, दोराही आणि उरलेल्या साऱ्या पिनाही. कारण आता मोटारभर तात्यांची कीर्ती पसरली होती आणि ज्याचे काही तुटले नव्हते तोसुद्धा पुढे तुटेल म्हणून एक पीन मागून घेत होता. बिरवाडीला मोटार थांबली तेव्हा पाऊस कोसळत होता. पाय मोकळे करण्यासाठी तात्या उतरले, पडशी खांद्यावर टाकली, आणि दोन खणांना जोडणारा मधला पट्टा, एका बाजूला दशम्या आणि दुसऱ्या बाजूला परोपकार यांच्या ओढाताणीत, खांद्यावरच उसवला. मागचा खण चिखलात बसला. तुरटीचा खडा घरंगळत गटाराकडे निघाला.

तात्यांनी सवयीने पिनांची डबी उघडली. ती रिकामी होती. सुई मास्तरांबरोबर उतरून गेली होती. सुतळी टपावर आंबे सांभाळीत होती. तात्या डबीत पाहत राहिले, आणि पावसाचे थेंब त्या डबीत वाजू लागले.

‘सरा वाईच,’ म्हणत आजीबाई खाली वाकल्या. मनगटातल्या हिरव्या चुड्याला अडकवलेली एक पीन त्यांनी काढली, दातांत धरली, दोन्ही खण उचलून उसवलेल्या कडा एकमेकींवर चढवल्या आणि एका दमात ती आरपार टोचून बसवली. मग तुरटीचा खडाही पदराने पुसून तात्यांच्या हातात दिला आणि इरले डोक्यावर घेऊन त्या पायवाटेला लागल्या.

तात्यांची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. क्षणभर ते पीन काढून परत देणार असे मला वाटले. पण तसे करावे तर परोपकार पुन्हा चिखलात जाणार. अखेर त्यांनी थरथरत्या हातांनी वही उघडली, ती डाव्या पानावर, आणि मी छत्री धरून उभा असताना त्या 12 वर्षांच्या कोऱ्या पानावर ‘सेफ्टी पीन, नग 1’ असे लिहिले. शाई पावसाने पसरू लागली.

‘अहो बाई!’ तात्या ओरडले. ‘नाव सांगा! नाव, मुक्काम! नोंद करायची आहे!’

आजीबाई बांधावर थांबल्या, इरल्याखालून वळून पाहिले आणि तिथूनच म्हणाल्या, ‘पिनंला कसलं आलंय नाव!’