नवखेपणाची वयोमर्यादा

पुण्याजवळच्या हिंजवडीतील आयटी कंपन्यांच्या अनेक भरती-जाहिरातींत ‘फ्रेशर’, म्हणजे कामाचा पूर्वानुभव नसलेला उमेदवार, हा अनुभवावरून नव्हे तर पदवीच्या सालावरून ओळखला जातो. त्यामुळे पंधरा वर्षे कारखान्याचे हिशेब सांभाळून चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकलेला गृहस्थ अनुभवीही ठरत नाही आणि नवखाही, उलट त्याच्या नावे ‘गॅप’, म्हणजे खंड, तेवढा मांडला जातो, जणू मधली वर्षे तो समाधीतच होता. तरुण रक्ताचा असा आग्रह धरणाऱ्या या उद्योगाच्या गिऱ्हाईक बँकांपैकी कित्येकींचे व्यवहार मात्र १९५९ साली आखलेल्या कोबोल या संगणकभाषेवर अजूनही बिनबोभाट चालतात. आणि या भाषेच्या जडणघडणीवर ज्यांच्या कामाची दाट छाप आहे त्या ग्रेस हॉपर तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, शिवाय १९२८ सालच्या पदवीधर असल्याने, आजच्या ऑनलाइन अर्जाच्या पहिल्याच रकान्यात बाद झाल्या असत्या.