थरथरबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती थरथर,
मु. पो. ट्रेलरचं डावं चाक,
सध्या मुक्काम नसरापूर-वेल्हे रस्ता

स. न. वि. वि.

भोर-वेल्ह्यात आपलं स्वागत असो. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं असं सरकारने ठरवलंय, पण ती बातमी अजून खड्ड्यांपर्यंत पोचलेली दिसत नाही. आपल्याला लपायला याहून सोयीची जागा कुठे मिळणार? मार्गासनीला गाडी हादरली की लोक रस्त्याला शिव्या देतात, पाबे घाटात हादरली की ठेकेदाराला आणि वरंध घाटात हादरली की पावसाला. आपलं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ठेकेदाराचं आम्हाला काही वाईट वाटत नाही. पण त्याच्या खात्यावर आपणही फुकट जगावं, हे जरा जास्तच झालं.

२०२१ साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि गाडीमागे घर बांधून राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी जायची हौस अधिकृत झाली. त्याआधी आपला संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत थाटलेला होता. तिथे ऊस किंवा विटा तक्रार करत नव्हत्या. नव्या घरातही आपली सोय तीच, कारण चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसत नाही. साक्षीदारच नाही! मुक्कामी दार उघडल्यावर साखर चहापत्तीत सांडलेली आणि कपाटाचे स्क्रू फरशीवर, एवढाच काय तो पुरावा.

तरी एक गुण मान्य करतो. खड्डा केव्हाही भेटतो, आपण मात्र ठरलेल्या वेगालाच येता. पंधरा इंची रिमवर एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असलं, तर ताशी १०० किलोमीटरला ते चाकाला सुमारे चार किलोच्या जोराने हिसडे देतं, तेही सेकंदाला तेरा वेळा. ४० च्या वेगाला हाच जोर पाऊण किलोलाही पोचत नाही, कारण वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. म्हणजे वेल्ह्यापासून नसरापूर फाट्यापर्यंत आपण सोवळ्यात, आणि सातारा महामार्गाला लागून काटा ८०-९० वर गेला की अंगात येणार. तोवर आम्ही रस्त्याला शिव्या देऊन दमलेलो असतो.

आपलं आवडतं ठिकाणही आम्हाला ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत खाचरांतला चिखल रिमच्या आतल्या अंगाला बसतो, वाळतो आणि आपल्याला आयता ओटा मिळतो. मशिनवर चढवण्याआधी रिम खरडून धुणारा टायरवाला हाच आपला खरा वैरी. बाकीचे चिखलासकट बॅलन्सिंग करून शिशाचे तुकडे ठोकतात, पैसे घेतात. चार दिवसांनी चिखल गळून पडतो. शिसं तिथेच राहतं आणि आपणही. पुन्हा त्याच दुकानात जायचं, पुन्हा तेच शिसं, आणि वर ‘साहेब, रस्तेच खराब आहेत’ हे ऐकायचं.

आपल्या नातलगांनाही नमस्कार सांगा. ब्रेक दाबल्यावरच येणारी ती बॅलन्सिंगने जात नाही. तिचं माहेर ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये. जॅकवर उचललेलं चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडते ती बेअरिंगची. चाक हळू फिरवताना टायर एका जागी वर उचलल्यासारखा दिसला, तर आतली तार तुटलीय, त्याला शिसं काय करणार? आणि ट्रेलर मागून शेपटीसारखा डुलत असेल तर ती आपली भावकीसुद्धा नव्हे. सामान मागे जास्त भरलंय, पुढे सरकवायचं.

आपला पत्ता काढायला मशिनही लागत नाही. ट्रेलर सोडून नुसती गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवायची. आपण गायब झालात तर बिऱ्हाड मागे आहे. तरीही हजर असलात तर गाडीत आहे: स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या चाकांत, सीट थरथरली तर मागच्या. इतकं साधं असताना लोक आधी पैसे देतात आणि मग विचार करतात, हेच आपलं खरं भांडवल.

तेव्हा पावसाळा संपायच्या आत जागा खाली करावी.

हे पत्र उघडं असल्याने ट्रेलरवाल्यांनीही वाचावं. महामार्गाला लागण्याआधी थांबा, टायरवरून हात फिरवा. रबरावर चढउतार लागले तर टायर बदला. ते कुठल्याही बॅलन्सिंगने भरून निघत नाहीत.

कळावे,
भोरचा एक ट्रॉलीवाला