गळतीला खुराक
मागच्या चाकाच्या आतून ओघळ दिसला, की घरगुती मेकॅनिक आधी टाकीत ब्रेक ऑइल ओततो. म्हणजे गळतीला खुराक. मग ड्रम उघडून तेलात भिजलेले लायनर पेट्रोलने धुतो, पॉलिश पेपर मारतो आणि ‘नव्यासारखे’ म्हणून परत बसवतो. लायनरने तेल पोटात घेतलेले असते. तापला की ते पुन्हा वर येते. त्याच पेट्रोलने व्हील सिलिंडरही पुसला, तर रबरी वॉशर फुगतात ते वेगळेच. ‘ब्रेकचं खरं काम पुढची चाकं करतात,’ हा ठेवणीतला युक्तिवाद. खरे आहे, पण घाटात ज्या हँडब्रेकच्या भरवशावर गाडी उभी करता, तो याच लायनरवर चालतो. घरी काम करायला हरकत नाहीच. सिलिंडर नवा, लायनर दोन्ही चाकांचे नवे, शेवटी एअर काढायची. पेडल दाबायला मात्र शेजारी लागतो.