श्रीयुत काहीकरतनाहीकर

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी काहीकरतनाहीकर राहतात. आडनाव गोखले असो नाहीतर गायकवाड, घरात लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं की माणूस या कुळात दाखल होतो. आमचे काहीकरतनाहीकर ‘बी’ विंगमधले. बँकेतून निवृत्त, सकाळी टेकडी, संध्याकाळी ब्रूनो. लिफ्टचं दार उघडतं, ब्रूनो तुमच्या पायजम्याला लोंबकळतो आणि वरून आवाज येतो, “काही करत नाही हो तो. खेळतोय.”

खेळतोय हे खरंच असतं, हीच तर पंचाईत. पिल्लाला हात नसतात, त्यामुळे जग चाचपायचं ते तोंडानं, आणि त्या तोंडात अठ्ठावीस टोकदार दुधाचे दात. भावंडांत दंगामस्ती करताना एकानं जोरात दात लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडून निघून जातं. किती जोरात चावलेलं चालतं, याची शिकवणी तिथं होते. म्हणूनच आठ आठवडे तरी पिल्लाला आईपासून तोडू नये. काहीकरतनाहीकरांनी ब्रूनोला पाचव्याच आठवड्यात उचलून आणलं, का तर “लहानपणी आणला की लळा लागतो.” लळा लागला. चांगला कोपरापर्यंत लागला. भर मे महिन्यात ते लांब बाह्यांचा शर्ट घालून मनगटाची बटणं लावून फिरतात आणि विचारलं तर उन्हाचं कारण सांगतात.

उपाय त्यांनी केले नाहीत असं कोण म्हणेल? पिल्लू चावलं की आपणही पिल्लासारखं केकाटावं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. काही पिल्लं या आवाजानं थबकतात, काहींना तो आणखी चेव आणतो. ब्रूनो दुसऱ्या जातीतला. रविवारी दुपारी, सगळी इमारत वामकुक्षीत असताना, तिसऱ्या मजल्यावरून “क्यांऽऽव!” असा आर्त स्वर उठला. पाठोपाठ दुसरा. वॉचमन काठी घेऊन वर धावला, तेव्हा काहीकरतनाहीकर सोफ्यावर उभे होते आणि ब्रूनो त्यांच्या लेंग्याची नाडी ओढत होता.

मग दरडावणं सुरू झालं. “नो! नो म्हणतो ना! ब्रूनो, नो!” ब्रूनोच्या दृष्टीनं मालकही आता भुंकायला लागले होते, म्हणजे रंग चढला. त्यात यांची सवय अशी, की एका हातानं बोट उगारायचं आणि दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्या तोंडासमोर नाचवत “ये, ये, पकड” करायचं. संध्याकाळी आठच्या सुमाराला ब्रूनो घरभर गरागरा धावतो, टीपॉयला धडकतो, दिसेल त्या घोट्याला दात लावतो. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोप मोडली की असं अंगात येतं. यांचं निदान वेगळं : “एनर्जी जास्त आहे, दमवायला हवा.” की पुन्हा कुस्ती.

वहिनींशी मात्र ब्रूनो सभ्य वागतो. “तिला घाबरतो,” हे यजमानांचं मत. मी समोर बसून पाहिलंय, घाबरत बिबरत नाही. दात कातडीला लागला रे लागला की वहिनी हाताची घडी घालतात, अवाक्षर न बोलता उठतात आणि स्वयंपाकघराच्या दारात आडव्या लावलेल्या फळीपलीकडे जातात. अर्ध्या मिनिटानं परत येतात ते फ्रीजरमधला ओल्या नॅपकिनचा गोळा घेऊन. हिरड्या शिवशिवतात, त्यांना गारवा. ब्रूनो तो चघळत पडतो. आठ वाजायच्या आत दिवा मालवून त्याला त्याच्या कोपऱ्यात निजवतात. तेवढ्यात यजमान चोरपावलांनी जातात आणि त्याच्या पोटाला गुदगुल्या करतात.

एकदाच विनोद आटला. ब्रूनो जेमतेम अडीच महिन्यांचा असताना पार्सल घेऊन आलेल्या पोराच्या बोटाला दात लागून रक्त आलं. “काही होत नाही, घरचाच आहे,” हे सुरू होण्याआधी वहिनींनी पोराला बेसिनपाशी नेलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्याखाली बोट धुवायला लावलं. ब्रूनोची रेबीजची लस अजून व्हायची होती. ती साधारण तीन महिन्यांनंतर देतात. “अहो, नुसते बघताय काय? रिक्षा बोलवा,” एवढंच त्या म्हणाल्या. हॉस्पिटलात पोराला इंजेक्शन सुरू झालं, पुढच्या तारखांचा कागद मिळाला. काहीकरतनाहीकर परतताना रिक्षात गप्प होते, आणि ही घटना सोसायटीत अजून सांगितली जाते.

परवा डॉक्टरांनी विचारलं, “घरात हातानं कोण खेळवतं?” सून, नातू, वहिनी, सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. ब्रूनोनंही. घरात एकच नियम हवा, एकानं लाड आणि दुसऱ्यानं शिस्त असं चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये यजमान मला सांगत होते, “नियम एक हवा बघा. आमच्या घरी मी फार कडक आहे.” उजव्या हाताची करंगळी त्या वेळी ब्रूनोच्या दाढेत होती.

आता चौथा महिना सरलाय. दुधाचे दात पडू लागलेत. पिल्लं बहुतेक दात गिळूनच टाकतात, पण यांना एक चपलेत सापडला. तो त्यांनी कुंकवाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवलाय आणि भेटेल त्याला उघडून दाखवतात. आता पक्के बेचाळीस येतील, असं मी म्हटलं.

“येऊ देत की,” ते म्हणाले. “एकटा कंटाळतो बिचारा. याला धाकटा भाऊ आणायचं चाललंय. वहिनींपाशी बोलू नका एवढ्यात.”