पाणी मुरतंय

आमच्या सोसायटीतल्या टाकीकाकांना सगळे 'मासेवाले' समजतात. चूक. काका मासे पाळत नाहीत, पाणी पाळतात. मासे त्यात भाडेकरू.

नवी टाकी आणली तेव्हा महिनाभर त्यांनी तिच्यात एकही मासा सोडला नव्हता. नुसती वाळू, पाणी आणि बुडबुडे. वर त्या रिकाम्या टाकीला रोज चिमूटभर खाऊ घालायचे. पाहुणे काचेला नाक लावून विचारायचे, "लपलेत वाटतं?" काका म्हणायचे, "पाणी मुरतंय." मग अर्धा तास सुटका नाही. खाणं कुजलं की अमोनिया, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजात बिऱ्हाड थाटेपर्यंत चार-सहा आठवडे जातात. तो स्पंज फारच कळकट दिसतो म्हणून काकूंनी एकदा साबणाने खसाखसा धुऊन दोरीवर वाळत घातला. त्यानंतर त्या घरात जो अबोला झाला, तसा जमिनीच्या वाटणीतही झाला नव्हता.

टाकी तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. काठोकाठ भरली तर 190 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 190 किलो. हा हिशेब काकांनी कौतुकाने खालच्या मजल्यावर सांगितला. तेव्हापासून तिथल्यांनी पलंग हलवलाय. बाल्कनीत चार बादल्या कायम भरलेल्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून. घरातल्या कुणी आंघोळीला त्यातली उचलली, की आतून आवाज येतो, "ती उद्याची आहे!"

महिन्यातून एक रविवार क्रॉफर्ड मार्केटचा. ऑक्सिजन भरून फुगवलेली पिशवी छातीशी धरून लोकलच्या गर्दीतून ते असे येतात, की लोक उठून जागा देतात. दुसऱ्या हातात बोंबील. काकू दारातच विचारतात, "यातली कुठली उघडू?" पापलेट असेल त्या दिवशी काका टाकीकडे पाठ करून जेवायला बसतात.

गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवणाऱ्यांशी ते बोलत नाहीत. नीट ठेवला तर वीस वर्षं जगणारा मासा तुम्ही बरणीत ठेवता? तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लॉवरहॉर्न आणलाय. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ वाढलं की पैसा येतो म्हणे. टेंगूळ वाढलं, आणि त्याच महिन्यात वीजबिलही.

गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या हौदात काकांनी कमळ लावलं, कोई सोडले. खंड्याने दोन दिवसांत लहानगे सगळे उचलले. आता हौदावर जाळी आहे आणि आत गप्पी. डेंग्यूच्या दिवसांत पालिकेचा माणूस साचलेलं पाणी शोधत आला, तेव्हा काकांनी त्याला हौदापाशी नेऊन विचारलं, "डासांच्या अळ्या खायला गप्पी तुम्हीच सोडता ना? मग ही तुमचीच शाखा." तो चहा घेऊन गेला.

गणपतीला काका दहा दिवस कोकणात जातात. यंदा किल्ली माझ्याकडे आली, सोबत तारखा घातलेल्या दहा पुड्या. "रोज एकच. मासे उपाशी राहून मरत नाहीत, जेवून मरतात." पण मासे काचेशी येऊन असं काही तोंड उघडमीट करतात, की मराठी माणसाचा हात आखडता राहत नाही. आग्रह झाला. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं. फोन केला तर मागे झांजा वाजत होत्या. आरती सोडून काका म्हणाले, "पाव टाकी पाणी काढा. बाल्कनीतल्या डावीकडच्या दोन बादल्या ओता. स्पंजाला हात लावू नका." आणि पुन्हा आरतीत गेले.

परत आल्यावर बॅगा खाली ठेवण्याआधी त्यांनी मासे मोजले. मग गच्चीवर जाऊन गप्पी मोजले. 14 ठेवून गेले होते, 31 निघाले. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, हे मला तेव्हा कळलं. काका म्हणाले, "वरचे सतरा तुमच्या काळातले. घेऊन जा."

आता आमच्याकडेही दोन फुटी टाकी आहे आणि बायको आंघोळीला बादली मागते. दर महिन्याला पिल्लं होतात. कुणाला हवी असतील तर जरूर या. फक्त येण्याआधी महिनाभर पाणी मुरत ठेवा आणि बरणी घरूनच आणा.