डॅक विकणे आहे

माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागून 24 यंत्रमागांचा कारखाना आहे. शुक्रवारची सुट्टी सोडली तर तो दिवसरात्र खडखडत असतो. मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. भिंतीतून गाळून माझ्या वाट्याला येतो तोही काही कमी नसतो. अशा घरात मी 78,000 रुपये मोजून एक डॅक आणला. का, तर त्यातून येणारी शांतता फार शुद्ध आहे, असं मला सांगण्यात आलं होतं.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात. सेकंदाला 44,100, आणि तेही डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे. त्या आकड्यांची पुन्हा लहर करायची, एवढंच या डब्याचं काम. तेच काम मोबाइलला लावायची हजार रुपयांची पिनही करते. पण ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला असाही कासेई कंपनीचा चिपचा कारखाना जळाला, डॅकवाल्यांच्या लाडक्या चिप मिळेनाशा झाल्या, आणि आता नाही तर कधीच नाही अशा धसक्याने मी पुढच्या वर्षी एक वापरलेला डॅक उचलला. आग नोबेओकात लागली, एफडी भिवंडीत मोडली.

बायकोला किंमत सांगताना माझ्या तोंडून एक शून्य गळलं. 7,800. "एवढ्याशा डब्याला?" म्हणून तिने तोही आकडा महागच ठरवला होता.

यंदा सोसायटीने गच्चीच्या गळतीसाठी वर्गणी काढली आणि डॅक विकायचं ठरलं. मी जाहिरात टाकली : 52,000, किंमत थोडी कमीजास्त होईल. पहिला फोन आला, "डेक आहे ना? कॅसेट आपोआप उलटते का?" दुसऱ्याने पत्ता वाचून आवाज खाली आणला. "गोडाऊनचा माल आहे का? अजून किती पीस निघतील?" त्याचंही चूक नाही. माणकोली, काल्हेर, वडपे, जिकडे बघाल तिकडे गोदामं. भिवंडीत एखाद्याकडे कुठलीही वस्तू एकच असू शकते, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही.

तिसरी चौकशी घरातूनच झाली. बायकोला तिच्या भावाने जाहिरात पाठवली होती.

"अहो, 7,800 ची वस्तू 52,000 ला जाते?"

मी गप्प.

"मग असे अजून दोन का नाही घेऊन ठेवले?"

चौदा वर्षांच्या संसारात माझ्या व्यवहारज्ञानाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक. खरं सांगायची ती वेळ नव्हती.

अखेर डोंबिवलीचा एक मुलगा ऐकायला येतो म्हणाला. मी मुद्दाम शुक्रवार दिला. कपाट सरकवायला मागच्या कारखान्यातल्या अण्णांना बोलावून घेतलं. अण्णा पद्मानगरचे; घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि मागापाशी हिंदी. ते जॉबर आहेत. 24 माग चालू असताना कुठल्या मागाचा धोटा नीट बसत नाही, हे ते दारातूनच सांगतात. मी त्यांना डॅक समजावायला घेतला. अर्धं वाक्य ऐकून ते म्हणाले, "म्हणजे जॅकार्डच की. कार्डाला भोक असलं की हूक वर, नसलं की खाली, आणि साडीवर मोर."

दोन वर्षं मी जे चार्ट पाहत होतो त्यांत हे इतक्या सोप्या शब्दांत कुठेच नव्हतं. मला ते थोडं झोंबलंच.

मुलगा आला. मी त्याला खुर्चीत बसवलं, पंखा बंद केला, बायकोला कुकर लावू नको म्हणून सांगितलं आणि 'महल'मधलं लताबाईंचं गाणं लावलं. "ऐक. लताबाई मधोमध उभ्या आहेत. व्हायोलिनं हळूच डावीकडे सरकली, कळलं?"

"काका, 1949 चं रेकॉर्डिंग आहे. मोनो."

"तेच तर! मोनोतसुद्धा सरकतात. हीच डॅकची कमाल."

मग तबल्याच्या शाईवर बोट कसं ओलसर पडतं, गायिकेचा श्वास कुठे सुरू होतो, अंधाराचा रंग कसा काळाभोर येतो, हे सगळं सांगून झालं. मुलगा नम्रपणे मान हलवत होता. अण्णा मात्र कपाटामागे वाकले होते. मागावर तार तुटली की हात जसा आपोआप तिकडे जातो, तसा त्यांचा हात एका केबलवरून सरकत गेला आणि टोकाशी थांबला.

"साहेब, ही तार कुठेच लागलेली नाही."

डॅकमधून निघालेली केबल ॲम्प्लिफायरपर्यंत पोचलीच नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत ती निघाली होती. मधल्या काळात माझ्या लॅपटॉपने ॲम्प्लिफायरशी ब्लूटूथवरून परस्पर सूत जुळवलं होतं. डॅकचा निळा दिवा तेवढा इमानाने जळत होता, आणि त्या दिव्याकडे बघत मी सात महिने तबल्याची शाई ऐकत होतो.

केबल लावली. तेच गाणं पुन्हा लावलं. खोलीत विलक्षण अवघडलेली शांतता. त्यासाठी तर मी 78,000 मोजले होते.

"अण्णा, काही फरक?"

"मघाशी बरं होतं," अण्णा म्हणाले.

मुलगा मात्र व्यवहारी निघाला. "काका, सात महिने बंदच होता म्हणजे वापर कमी झालाय. 31,000 देतो." 52,000 म्हणायला माझ्या जिभेला धीर झाला नाही. मी हो म्हटलं. जाताना त्याने दारात विचारलं, "तो निळा दिवा बंद करता येतो ना?"

संध्याकाळी बायकोने हिशेब मांडला. 31,000 वजा 7,800, निव्वळ नफा 23,200. नफा तिचा, मुद्दल माझं. नफ्यातून घरघंटी आली. ती रोज सकाळी सात वाजता चालू होते आणि शुक्रवारीही थांबत नाही. मुद्दल गच्चीच्या वर्गणीत गेलं.

डॅकसाठी म्हणून मी वेगळी पॉवर केबल घेतली होती. मागांबरोबर खालीवर होणारी भिवंडीची वीज या शेवटच्या दीड मीटरमध्ये शुद्ध होईल, या भरवशावर. 6,000 रुपयांची. तो मुलगा ती न घेताच गेला. कुणाला हवी असल्यास शुक्रवारी यावं. किंमत आमच्या घरी 600 आहे, तेव्हा फोनवर विचारू नये.